बाइटांची वही : पायथन भाषेंत द्विमान माहिती फाइलींत लिहिण्याची रीति

संगणकावर पत्र लिहिणें, हिशेब ठेवणें, छायाचित्र सांठविणें, गाणें ऐकणें या गोष्टी आतां घरोघर चालतात. परंतु पत्र, हिशेब, छायाचित्र व गाणें या चारही वस्तु संगणकाच्या डिस्कवर शेवटीं कोणत्या रूपानें राहतात, असा प्रश्न केला असतां चांगल्या हुशार विद्यार्थ्यालाहि क्षणभर थांबावें लागतें. उत्तर मात्र अगदीं सोपें आहे. या सर्व वस्तु म्हणजे निव्वळ अंकांच्या रांगा होत. रांगेंतील अंक बरोबर असले व ते ज्या क्रमानें मांडले त्याच क्रमानें वाचले, म्हणजे छायाचित्र छायाचित्र राहतें. रांगेंत एखादा अंक जास्त पडला किंवा एखादा गळाला, म्हणजे तेंच छायाचित्र कधीं अर्धें दिसतें, तर कधीं मुळींच उघडत नाहीं. घरांत आजोबांचें एकच छायाचित्र असावें आणि त्याची फाइल अशी बिघडावी, यासारखी हळहळ दुसरी नाहीं. म्हणून अंकांच्या या रांगा फाइलींत कशा लिहाव्या व लिहितांना कोणती सावधगिरी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कामीं आम्हीं पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा घेतली आहे. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे जींत लिहिलेल्या आज्ञा निराळें यंत्रभाषांतर करून ठेवण्याची खटपट न करतां लागलीच चालवून पाहतां येतात अशी भाषा. गिदो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञानें १९८९ च्या नाताळच्या सुटींत पायथनच्या रचनेस आरंभ केला व १९९१ सालीं ती प्रथम लोकांपुढें ठेविली. भाषेचें नांव अजगरावरून पडलें असावें असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तें एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलें आहे. पायथनमधील आज्ञा कीबोर्डवर रोमन अक्षरांनींच टाइप कराव्या लागतात. येथें आम्हीं त्यांचे उच्चार बालबोधींत दिले आहेत.

१. बाइट म्हणजे केवढें माप ?

संगणक फक्त दोन चिन्हें ओळखतो, शून्य व एक. या दोन चिन्हांवर उभारलेल्या पद्धतीला द्विमान पद्धति म्हणतात. अशा आठ चिन्हांच्या गटाला बाइट हें नांव आहे. प्रत्येक जागीं दोन पर्याय, म्हणून आठ जागांचे एकंदर २५६ पर्याय होतात. तेव्हां एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतचा कोणताहि पूर्णांक मावतो. २५६ मात्र मावत नाहीं. पायलीच्या मापांत पायलीच मावावयाची, त्याहून जास्त धान्य ओतलें तर तें सांडावयाचें. पायथनला ‘२५६ हा अंक एका बाइटांत घाल’ असें सांगितलें, तर ती भाषा सांडूं देत नाहीं. स्पष्ट नकार देऊन तेथेंच थांबते.

मग मोठी संख्या कशी लिहावयाची ? ज्यांच्या घरांत जुन्या जमाखर्चाच्या वह्या जपून ठेविलेल्या असतील त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी जरूर नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होण्यापूर्वीं आपल्याकडे सोळा आण्यांचा एक रुपया असे. ५३ आणे झाले म्हणजे वहींत ३ रुपये ५ आणे असें मांडीत. कारण ३ गुणिले १६ म्हणजे ४८, आणि त्यांत ५ मिळविले म्हणजे ५३. बाइटांचा हिशेब अगदीं असाच आहे. फरक एवढाच, कीं येथें हातचा सोळाला न येतां २५६ ला येतो. उदाहरणार्थ, १००० ही संख्या घ्या. १००० ला २५६ नीं भागलें असतां भागाकार ३ व बाकी २३२ येते. म्हणून १००० लिहिण्यास दोन बाइट लागतात, एक ३ चा व दुसरा २३२ चा.

२. आधीं रुपये कीं आधीं आणे ?

आतां एक प्रश्न उरला. या दोहोंपैकीं आधीं कोणता लिहावा ? वहींत रुपये व आणे यांचे रकाने आंखलेले असत, म्हणून घोटाळा होत नसे. फाइलींत रकाने नसतात. एकामागून एक अंक तेवढे येतात. लिहिणाऱ्यानें ‘३, २३२’ असें लिहिलें आणि वाचणाऱ्यानें दुसरा अंक मोठ्या घराचा समजून वाचला, तर त्याला १००० च्या जागीं ५९३९५ ही संख्या दिसेल. कारण २३२ गुणिले २५६ अधिक ३ म्हणजे तितकेच होतात. अंक दोन्ही बरोबर, परंतु हिशेब पार बुडाला.

मराठी माणसाला या गोष्टीचें नवल वाटूं नये. ‘पंचवीस’ म्हणतांना आपण आधीं पांच व मग वीस बोलतों. तीच संख्या लिहितांना मात्र आधीं दोन व मग पांच लिहितों. बोलण्यांत लहान घर आधीं, लिहिण्यांत मोठें घर आधीं, अशा दोन्ही चाली आपल्या एकाच भाषेंत सुखानें नांदत आहेत. संगणकाच्या जगांतहि दोन्ही चाली आहेत. मोठें घर आधीं लिहिण्याच्या चालीला ‘बिग-एंडियन’ व लहान घर आधीं लिहिण्याच्या चालीला ‘लिट्ल-एंडियन’ म्हणतात. हीं नांवें डॅनी कोहेन या शास्त्रज्ञानें १९८० सालीं एका निबंधांत रूढ केलीं. त्यानें तीं जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनांतून उचललीं. तेथें बुटक्यांच्या राज्यांत उकडलेलें अंडें जाड टोंकाकडून फोडावें कीं निमुळत्या टोंकाकडून, यावरून लढाया होतात. दोहोंपैकीं एक चाल पवित्र व दुसरी अपवित्र असें नाहीं. लिहिणारा व वाचणारा यांचें एकमत असलें म्हणजे झालें, हेंच कोहेनला सुचवावयाचें होतें.

पायथनमध्यें पूर्णांकाला ‘टु बाइट्स’ नांवाची क्रिया जोडलेली असते. तिला किती बाइट पाहिजेत तें आणि ‘बिग’ किंवा ‘लिट्ल’ यांपैकीं कोणता क्रम पाहिजे तें सांगितलें, म्हणजे ती अंकांची रांग तयार करून देते. संख्या पुष्कळ असल्या तर ‘स्ट्रक्ट’ नांवाच्या भागांतील ‘पॅक’ ही आज्ञा सोयीची पडते. तिच्या उलट काम ‘अनपॅक’ ही आज्ञा करते. आमचें सांगणें एवढेंच, कीं क्रम नेहमीं स्वतः सांगावा, यंत्राच्या मर्जीवर सोडूं नये.

३. अक्षर निराळें, बाइट निराळा

पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत. शाई तीच, कागद तोच, भाषाहि आपलीच. परंतु मोडी लिपि न शिकलेल्या माणसाला त्यांतील एक ओळहि लागत नाहीं. कागदावरील खुणा म्हणजे अर्थ नव्हे. खुणा व अर्थ यांना जोडणारा संकेत ठाऊक असावा लागतो. बाइट व अक्षर यांचा संबंध नेमका असाच आहे. २२४, १६४, १४९ हे तीन बाइट पाठोपाठ आले, तर ‘यूटीएफ-८’ नांवाच्या संकेताप्रमाणें त्यांचा अर्थ ‘क’ असा होतो. तेच तीन बाइट चित्राच्या फाइलींत आले तर ती एखाद्या ठिपक्याच्या रंगाची मात्रा ठरेल.

यूटीएफ-८ हा संकेत केन टॉम्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं तयार केला. त्यांत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो व देवनागरींतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी हींहि तेथें स्वतंत्र चिन्हें मानलीं जातात. म्हणून ‘मराठी’ या शब्दांत म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशीं पांच चिन्हें धरून एकंदर १५ बाइट होतात. ‘शब्दाची लांबी किती ?’ या प्रश्नाला डोळा तीन अक्षरें म्हणेल, पायथनचा अक्षरप्रकार पांच चिन्हें म्हणेल, आणि डिस्क पंधरा बाइट म्हणेल. तिन्ही उत्तरें आपापल्या परीनें खरीं आहेत.

पायथनच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तींत अक्षरांची माळ व बाइटांची माळ यांची सरमिसळ होत असे. ३ डिसेंबर २००८ रोजीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीनें ‘स्ट्र’ म्हणजे अक्षरमाला व ‘बाइट्स’ म्हणजे बाइटमाला अशीं दोन निराळीं घरें केलीं. एका घरांतून दुसऱ्यांत जावयाचें तर ‘एन्कोड’ किंवा ‘डिकोड’ या आज्ञेच्या दारांतूनच जावें लागतें व जातांना संकेताचें नांव सांगावें हें उत्तम. प्रारंभीं ही शिस्त जाचक वाटते. पण तिच्यामुळें कित्येक चुका जन्मास येण्यापूर्वींच अडतात.

४. फाइल उघडण्याच्या रीति

फाइल उघडण्यासाठीं ‘ओपन’ ही आज्ञा आहे. तिला दोन गोष्टी सांगावयाच्या, फाइलीचें नांव व उघडण्याची रीति. रीति एकदोन अक्षरांनींच सांगतात, पण तीं एकदोन अक्षरें फार वजनदार आहेत. ‘आर’ म्हणजे वाचण्यासाठीं, ‘डब्ल्यू’ म्हणजे नव्यानें लिहिण्यासाठीं, ‘ए’ म्हणजे शेवटीं जोडण्यासाठीं, ‘एक्स’ म्हणजे फाइल आधीं नसेल तरच लिहिण्यासाठीं. यांच्यापुढें ‘बी’ हें अक्षर जोडलें म्हणजे पायथन समजते, कीं येथें अक्षरांशीं कर्तव्य नाहीं. बाइट जसेच्या तसे घ्यावयाचे व जसेच्या तसे ठेवावयाचे आहेत. म्हणून द्विमान माहिती लिहितांना ‘डब्ल्यूबी’ व वाचतांना ‘आरबी’ असें लिहितात.

विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ‘डब्ल्यूबी’ या रीतीनें जुनी फाइल उघडतांक्षणींच तिच्यांतील सर्व मजकूर पुसला जातो. आपण अजून एकहि बाइट लिहिलेला नसतो, तरी पाटी कोरी झालेली असते. पुढें वीज गेली किंवा प्रोग्राम मध्येंच अडला, तर जुनेंहि गेलें व नवेंहि आलें नाहीं, अशी स्थिति होते. फाइल नवीनच असावी अशी खात्री करून घ्यावयाची असेल तर ‘एक्सबी’ ही रीति वापरावी. त्या नांवाची फाइल आधींच असली, तर पायथन ती उघडण्याचें नाकारते व जुना ठेवा सुरक्षित राहतो.

५. सत्तर बाइटांचें एक चित्र

आतां प्रत्यक्ष एक चित्र हातानें लिहूं. ‘बीएमपी’ या नांवाचा चित्रांचा एक जुना व सरळ प्रकार विंडोजमध्यें प्रसिद्ध आहे. आपण दोन ठिपके रुंद व दोन ठिपके उंच असें, म्हणजे चारच ठिपक्यांचें चित्र घेऊं. या प्रकारांत सर्व संख्या लहान घर आधीं या क्रमानें लिहितात. फाइलीचा आरंभीचा भाग ५४ बाइटांचा असतो. तो असा :

६६, ७७. ही चित्राच्या प्रकाराची ओळख. रोमन बी व एम या अक्षरांचे हे अंक आहेत.
७०, ०, ०, ०. सबंध फाइलीची लांबी, ७० बाइट.
०, ०, ०, ०. राखून ठेविलेली जागा.
५४, ०, ०, ०. रंगांचे अंक कितव्या बाइटानंतर सुरू होतात तें.
४०, ०, ०, ०. पुढील वर्णनाच्या भागाची लांबी.
२, ०, ०, ०. चित्राची रुंदी.
२, ०, ०, ०. चित्राची उंची.
१, ०. थर एक.
२४, ०. प्रत्येक ठिपक्याला २४ चिन्हें, म्हणजे तीन बाइट.
०, ०, ०, ०. माहिती दाबून बसविलेली नाहीं.
१६, ०, ०, ०. रंगांच्या भागाची लांबी.
यापुढें चार चार शून्यांचे चार गट, म्हणजे १६ शून्यें.

बेरीज करून पाहा. पहिल्या चार ओळींचे १४ व उरलेल्यांचे ४० मिळून ५४ भरतात. यानंतर रंग येतात. प्रत्येक ठिपक्यासाठीं निळा, हिरवा व तांबडा या क्रमानें तीन अंक लिहावयाचे. ० म्हणजे तो रंग नाहीं व २५५ म्हणजे पुरेपूर. ओळी खालून वर लिहितात, व प्रत्येक ओळीच्या बाइटांची संख्या चारच्या पटींत यावी म्हणून शेवटीं जरूर तितकीं शून्यें भरतात. आपल्या ओळींत दोन ठिपक्यांचे ६ बाइट होतात, म्हणून दोन शून्यें जोडून ८ करावयाचे.

खालची ओळ, तांबडा व पांढरा : ०, ०, २५५, २५५, २५५, २५५, ०, ०.
वरची ओळ, निळा व हिरवा : २५५, ०, ०, ०, २५५, ०, ०, ०.

दोन ओळींचे १६ बाइट. ५४ व १६ मिळून ७०. हे सत्तर अंक ‘बाइट्स’ या आज्ञेला यादी करून द्यावे, ‘डब्ल्यूबी’ रीतीनें फाइल उघडावी, ‘राइट’ या आज्ञेनें ते लिहावे व फाइल बंद करावी. मग चित्रें दाखविणाऱ्या कोणत्याहि साधनांत ती उघडून मोठी करून पाहावी. चार रंगांचे चार चौकोन डोळ्यांपुढें उभे राहतात. मोबाइलनें काढलेलें छायाचित्र सामान्यतः गणितानें आटोपशीर करून सांठविलेलें असतें. तरी शेवटीं तेंहि अशाच अंकांची फार लांब रांग असतें, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

६. एका दहाचा अनर्थ

‘बी’ हें अक्षर गाळलें तर काय बिघडतें ? याचें मूळ जुन्या टंकयंत्रांत आहे. टंकयंत्रावर नवी ओळ सुरू करतांना दोन कामें करावीं लागत, कागदाचा गाडा परत आरंभीं आणणें व कागद एक ओळ वर सरकविणें. संगणकाच्या अक्षरांकांत या दोन कामांना अनुक्रमें १३ व १० हे अंक मिळाले. युनिक्स व त्या वळणाच्या लिनक्समध्यें ओळ संपल्याची खूण म्हणून नुसता १० लिहितात. विंडोजमध्यें १३ व १० असे दोन्ही लिहितात. म्हणून विंडोजवर फाइल अक्षरांच्या रीतीनें उघडली असतां, लिहिणाऱ्यानें १० दिला कीं त्याच्या आधीं एक १३ घालण्याची व्यवस्था केलेली असते. पत्रासाठीं ही सोय आहे, चित्रासाठीं घात आहे.

आपलें चित्र दोन ठिपक्यांऐवजीं दहा ठिपके रुंद आहे असें समजा, उंची दोनच. आतां रुंदीच्या जागीं १०, ०, ०, ० हे बाइट आले. अक्षरांच्या रीतीनें लिहिलें तर त्यांचे १३, १०, ०, ०, ० असे पांच झाले व पुढील प्रत्येक बाइट एकेक घर सरकला. वाचणारा बिचारा ठरल्या जागींच वाचतो. त्याला रुंदी १३ अधिक १० गुणिले २५६, म्हणजे २५७३ दिसते. उंचीच्या जागीं ०, २, ०, ० आल्यामुळें ती ५१२ होते. थर एकाच्या ऐवजीं २५६ दिसतात. दहा ठिपक्यांच्या पट्टीचा असा राक्षस झाला, व चित्र उघडेनासें झालें. यांतील खरा धोका निराळाच आहे. चित्र नऊ ठिपके रुंद असतें व त्याच्या रंगांतहि कोठें १० नसता, तर तीच चुकीची आज्ञा बिनबोभाट चालली असती. लिहिणाऱ्याची समजूत झाली असती कीं आपलें सर्व ठीक आहे, आणि अनर्थ पुढें केव्हां तरी, दुसऱ्याच चित्रावर कोसळला असता.

पायथनची दुसरी आवृत्ति विंडोजवर असा घोटाळा मुकाट्यानें होऊं देत असे. तिची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. तिसऱ्या आवृत्तींत अक्षरांच्या रीतीनें उघडलेल्या फाइलींत बाइटमाला लिहूं गेल्यास पायथन तात्काळ हरकत घेते. तरीहि इतर स्क्रिप्टिंग भाषांत ही काळजी आपणच घ्यावी लागते. पर्लमध्यें त्यासाठीं ‘बिनमोड’ नांवाची स्वतंत्र आज्ञाच आहे.

या संकटावर पहारा कसा ठेवावा, याचा सुंदर नमुना ‘पीएनजी’ या चित्रप्रकारानें घालून दिला आहे. हा प्रकार १९९६ सालीं निश्चित झाला. प्रत्येक पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतला एकहि अंक उगाच नाहीं. १३७ हा १२७ पेक्षां मोठा असल्यामुळें ही साध्या अक्षरांची फाइल नव्हे हें कळतें. शिवाय वाटेंत एखाद्या यंत्रणेनें प्रत्येक बाइटाचें आठवें चिन्ह गाळलें तर १३७ चा ९ होतो व चोरी उघडकीस येते. पुढील तीन अंक पी, एन, जी या अक्षरांचे. १३ व १० ही जोडी कोणीं नुसत्या १० मध्यें बदलली तर १३ नाहींसा झालेला दिसतो. २६ हा अंक जुन्या डॉस पद्धतींत फाइल पडद्यावर छापणें थांबवीत असे. शेवटल्या एकट्या १० च्या आधीं कोणीं १३ घातला तर तेंहि लागलीच समजतें. दारांतच असे पहारेकरी बसविल्यामुळें बिघडलेली फाइल घरांत शिरण्यापूर्वींच ओळखतां येते.

७. लहान मापांत मोठी संख्या

संख्येला किती बाइट द्यावयाचे हें ठरवितांना आळस केला, तर परिणाम किती दूर जातात याचें एक उदाहरण देणें अवश्य आहे. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानांत कुरू येथून युरोपीय राष्ट्रांचें एरियान-५ हें नवें अग्निबाण प्रथमच उडालें. त्याची दिशा सांभाळणाऱ्या संगणकांत आठ बाइटांची एक अपूर्णांकयुक्त संख्या दोन बाइटांच्या पूर्णांकांत बसवावयाची होती. धन व ऋण दोन्ही चिन्हें राखून दोन बाइटांत जास्तींत जास्त ३२७६७ मावतात. ही आज्ञावली पूर्वींच्या एरियान-४ वरून उचललेली होती, व त्याच्या संथ गतींत ती संख्या मापांत मावत असे. एरियान-५ ची गति जास्त पडली, संख्या मावली नाहीं, संगणक बंद पडला, आणि उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत तें अग्निबाण आकाशांतच नष्ट झालें. येथें फाइलीचा प्रश्न नव्हता हें खरें. पण माप व संख्या यांचा मेळ घालण्याचा नियम तोच आहे. जुन्या मापानें नवें धान्य मोजण्यापूर्वीं माप पुन्हां तपासून पाहावें.

८. जपून लिहिण्याचा क्रम

‘राइट’ ही आज्ञा दिली म्हणजे बाइट लागलीच डिस्कवर गेले असें नाहीं. टपालाच्या पेटींत पत्र टाकलें म्हणजे तें गांवीं पोंचलें असें आपण समजत नाहीं. पेटी उघडली जाईपर्यंत तें तेथेंच पडून असतें. पायथनहि बाइट आधीं स्मृतींतील एका पेटींत गोळा करते, व पेटी भरली किंवा फाइल बंद केली म्हणजे पुढें पाठविते. म्हणून फाइल बंद करण्यास कधींहि विसरूं नये. ‘विथ’ या शब्दानें आरंभ करून फाइल उघडली, तर मध्यें कांहीं अडचण आली तरी पायथन ती आपण होऊन बंद करते. माहिती फार मोलाची असेल तर ‘फ्लश’ व त्यामागून ‘एफसिंक’ या आज्ञा देऊन ती डिस्कपर्यंत नेऊन पोंचविण्यास सांगावें.

यावरून जपून लिहिण्याचा एक क्रम ठरतो. जुन्या फाइलीला हात न लावतां शेजारीं निराळ्या नांवाची नवी फाइल ‘एक्सबी’ रीतीनें उघडावी. तींत सर्व बाइट लिहून ती बंद करावी. मग तीच ‘आरबी’ रीतीनें उघडून लिहिलेलें व वाचलेलें एकच आहे कीं नाहीं हें ताडून पाहावें. तें जुळलें म्हणजेच ‘रिप्लेस’ या आज्ञेनें नव्या फाइलीला जुनीचें नांव द्यावें. मध्यें कोठेंहि विघ्न आलें, तरी जुनी किंवा नवी यांपैकीं एक फाइल तरी सबंध हातीं राहते. नवें घर राहण्याजोगें झाल्यावांचून जुनें पाडूं नये, हा व्यवहार आपल्या वडीलमाणसांना चांगला ठाऊक आहे.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसून अंकांच्या रांगा लिहीत असेल, तर तो वेळ वायां जातो असें समजूं नये. मात्र घरांतील मूळ छायाचित्रांच्या व कागदपत्रांच्या फाइलींवर प्रयोग करूं देऊं नये. प्रयोगासाठीं प्रति काढून द्याव्या, व मूळ फाइलींची आणखी एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी. चुका करावयाच्या त्या प्रतीवर, म्हणजे चुकांपासून शिकतां येतें व रडावें लागत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ५०० ही संख्या दोन बाइटांत दोन्ही क्रमांनीं लिहा. मोठें घर आधीं लिहिलेली संख्या उलट क्रमानें वाचल्यास किती दिसेल ?
२. तीन ठिपके रुंद व एक ठिपका उंच अशा बीएमपी चित्राची फाइल किती बाइटांची होईल ?
३. ‘शाळा’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतांत किती बाइट घेईल ?

उत्तरें : (१) १, २४४ व २४४, १, उलट वाचल्यास ६२४६५. (२) ओळीचे ९ बाइट, तीन शून्यें भरून १२. ५४ मिळवून ६६. (३) चार चिन्हें, म्हणून १२.

उत्तरें पाहण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं पाटीवर किंवा कागदावर स्वतः हिशेब करावा, व मग तो पायथनकडून पडताळून घ्यावा. यंत्राचें उत्तर व आपलें उत्तर जुळलें नाहीं, तर निराश न होतां कोणत्या बाइटापासून फरक पडला तें शोधीत जावें. फरकाची जागा सांपडली, कीं कारणहि बहुधा तेथेंच सांपडतें.